कॅल्क्युलेटरवरची केळी

३ मे २०२६, रविवार. सकाळी ६.१५
आजपासून नवं आयुष्य. भाचा कुंदन जर्मनीहून आला होता, जाताना त्याचा जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर मला देऊन गेला. म्हणाला, मामा, माझ्याकडे नुसता पडून आहे. तिकडच्या लोकांना किंमत नाही कशाची. यात आलेख निघतात, आणि वर पायथॉन चालतं. म्हणजे तळहाताएवढ्या डब्यात बसून आपण प्रोग्रॅम लिहायचे आणि डब्याने ते ऐकायचे. एकोणीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतोय, माझं इतकं अजून कुणी ऐकलेलं नाही.
निश्चय: एक, रोज पहाटे एक तास प्रोग्रॅमिंग. दोन, फोन कमी. तीन, दिवाळीपर्यंत धुळ्यात, निदान देवपुरात, या विषयातला पहिला माणूस.
माझ्या बायकोने, सारिकाने विचारलं, हे फोनमध्ये होत नाही का. तिला शांतपणे समजावलं की फोन वापरणाऱ्यांसाठी असतो, हा विचार करणाऱ्यांसाठी आहे. ती दूध आणायला गेली.

५ मे. सकाळी ७.४०
(पहाट हुकली. रात्री उकडत होतं.)
पहिला प्रोग्रॅम. स्क्रीनवर माझं नाव यावं, एवढाच. प्रत्येक अक्षराआधी एक वेगळं बटण दाबावं लागतं. 'प्रिंट' लिहायला सात मिनिटं, कंस सापडायला अकरा. चालवला तर म्हणे, एरर, ओळ १. प्रोग्रॅम एकाच ओळीचा होता. सेल कमजोर असणार.

६ मे
सेल नवे, एरर जुनीच. एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. याला चूक म्हणता येणार नाही. समजूतदार मशीनला कळायला हवं होतं.
नाव आलं. शेवटचं अक्षर नाही आलं, पण वाचणाऱ्याला कळतं.

१२ मे
सतराचा पाढा म्हणणारा प्रोग्रॅम पूर्ण. सहा दिवस लागले. स्टाफरूममध्ये दाखवला. एकाने सतराचा पाढा तोंडी म्हणून दाखवला, सगळे हसले. अशी माणसं मुलांना घडवतात.
संध्याकाळी शेजारच्या लोटन नानांना दाखवला. नानांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, पन यानावर फोन लागस का?"
सगळं बरोबर म्हणून वर फोन लागतो का विचारणाऱ्या गावात संशोधन करणं अवघड आहे.

२४ मे, रविवार. मु. सावद्याजवळ, सासुरवाडी
धोंड्याचा महिना चालू आहे. तीन वर्षांतून एकदा येतो, त्यामुळे आग्रह मोडवला नाही. सासूबाईंनी तेहेतीस अनारसे, चांदीचा दिवा आणि कापड दिलं. जावयाला विष्णूचं रूप मानतात, त्यात मी काय करणार. अकरा अनारसे जागेवरच संपवले.
जेवणानंतर सासरे, म्हणजे रुपचंद आबा, मला केळीच्या बागेत घेऊन गेले. बाग निसवायला लागली आहे, म्हणजे घड बाहेर पडायला लागलेत. या वर्षी बाग आबांनी माझ्या शालकाकडे, ललितकडे दिली आहे. दोन वर्षांपूर्वी तो चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी आला. आबांचा शब्द असा: हे एक वर्ष तुझं. चांगलं निघालं तर पुढची बाग तुझी, नाही तर तू परत कंपनीत. पोराने मग थेट एक्स्पोर्टवाला गाठला. त्यांची अट कडक. घड बाहेर पडल्यापासून साधारण पंचाण्णव दिवसांनी कापणी, त्यात फार मागेपुढे चालत नाही. कापणीचा नंबर आधी लावावा लागतो, आणि हुकला तर हुकला.
कुठला घड कधी निसवला हे कळावं म्हणून ललितने रंगीत फिती आणल्या होत्या. दर आठवड्याच्या घडांना वेगळा रंग. मला हसूच आलं. म्हटलं, अरे, बागेत फिती बांधायला ही काय मुंज आहे? मी प्रोग्रॅम लिहून देतो. ओळ नंबर टाक, कापणीची तारीख घे. ललित माझ्याकडे बघतच राहिला. सारिकाच्या मते त्याच्या डोळ्यात कचरा गेला होता.
नोंदी आहेतच. सासूबाई रोज संध्याकाळी वहीत तिथीने लिहितात: 'धोंडा शुद्ध सप्तमी, ओळ १ ते ४.' त्या वहीचे फोटो मला धाडायचे, बाकी माझ्यावर सोडायचं, असं ठरलं. फिती कोठीत गेल्या.

७ जून
प्रोग्रॅम अजून सुरू केलेला नाही. कारणं: ऊन, दोन लग्नं, आणि अनारशांमुळे आलेली सुस्ती. वहीचे फोटो मात्र येतायत. ललितने विचारलं, झालं का. म्हटलं, डोक्यात तयार आहे.

२१ जून, रविवार
कुंदनशी व्हिडिओ कॉल. त्याने किरकोळ मदत केली. म्हणजे तो बोलत गेला आणि मी बटणं दाबत गेलो, तीन तास. पंचांगातल्या तिथीचं इंग्रजी तारखेत रूपांतर, मग त्यात पंचाण्णव दिवस. कुंदन हटून बसला की या वर्षी महिने तेरा धरायचे, अधिक ज्येष्ठ वेगळा आणि निज ज्येष्ठ वेगळा. म्हटलं, ठीक आहे, तुझी हौस. परदेशात राहिलं की माणूस पंचांगाच्या बाबतीत हळवा होतो.
प्रोग्रॅम चालला. रचना पूर्णपणे माझी.

२ जुलै, गुरुवार
बारावीची पुरवणी परीक्षा. मी पर्यवेक्षक. वर्गात नऊ मुलं, तीन तास. दारात दोघांचे साधे कॅल्क्युलेटर जप्त केले आणि टेबलावर बसून माझा उघडला. ओळी भरत होतो.
अकराच्या सुमारास भरारी पथक आलं. पथकाच्या मॅडमनी विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, पायथॉन. त्यांनी स्क्रीन पाहिली. त्यावर ओळीचा नंबर आणि कापणीची तारीख होती. त्यांना वाटलं, सांकेतिक उत्तरं आहेत. मी केळीच्या निसवणीपासून समजवायला सुरुवात केली. मुलांनी पेपर सोडून माझ्याकडे पाहिलं.
मॅडमनी पेनाच्या टोकाने मागचं छोटं भोक दाबलं. रिसेट. सगळं पुसलं गेलं. अकरा दिवसांचं काम एका टोचणीत. वर प्राचार्यांना लेखी खुलासा द्यायचा आहे: पर्यवेक्षकाकडे कॅल्क्युलेटर का सापडला.
पर्यवेक्षकाकडे काय, भजी सापडायला हवी होती का?

५ जुलै
खुलासा दिला. चार पानं. प्राचार्य म्हणाले, सर, एक ओळ पुरली असती. स्टाफरूममध्ये आता मी आलो की कुणीतरी खिसे तपासतं.

११ जुलै, शनिवार
प्रोग्रॅम नव्याने, या वेळी एकट्याने. कुंदनला विचारायची गरज नाही. त्याचा प्रोग्रॅम फार पसरट होता. मी बारा महिने घेतले, शाळेत पाठ केलेले. सासूबाईंना फोन करून विचारलं, ज्येष्ठ कधी सुरू झाला. त्या म्हणाल्या, सोळा जूनला. टाकला. बासष्ट ओळींचा ऐवज चव्वेचाळीसवर आणला. याला शैली म्हणतात.

१२ जुलै. सकाळी ८.३०
वहीतली पहिली नोंद टाकली: धोंडा शुद्ध सप्तमी. मशीन म्हणे, एरर. 'धोंडा' नावाचा महिना माहीत नाही.
मशीनचं बरोबरच आहे. महिने बारा, त्यात धोंडा कुठून येणार? विचार केला. धोंडा म्हणजे अधिक ज्येष्ठ. अधिक काय, निज काय, ज्येष्ठ तो ज्येष्ठ. घरी जितेंद्रला जितू म्हणतात म्हणून माणसं दोन होत नाहीत. एक ओळ वाढवली: धोंडा म्हणजेच ज्येष्ठ, महिना तिसरा.
एरर गेली. ८.४१ ला सगळ्या बागेच्या तारखा हातात. अकरा मिनिटांत. कुंदनला तीन तास लागले होते.

१३ जुलै
स्क्रीनचा फोटो ललितला पाठवला. पहिली कापणी २५ सप्टेंबर. तो म्हणाला, जिजाजी, आबांचा अंदाज श्रावणातलाच आहे, राखीपासून पुढे. मी विचारलं, आबा कशावरून म्हणतात? म्हणाला, बघून. मी एकच विचारलं: मग माझ्याकडे कशाला आलास?
त्याने फोन ठेवला. संध्याकाळी मेसेज आला, एक्स्पोर्टवाल्याकडे पंचवीसचा नंबर लावला. ज्ञानाचा विजय.

९ ऑगस्ट
रोज पहाटे एक तास हा निश्चय आता 'जमेल तेव्हा' असा सुधारून घेतला आहे. साप पकडायचा खेळ लिहायला घेतला. साप एकाच दिशेला जातो आणि भिंतीवर आपटून मरतो.

२८ ऑगस्ट, शुक्रवार. सावदा
राखी. सारिकाने ललितला ओवाळलं. जेवण उरकल्यावर आबा मला बागेत घेऊन गेले. पुढच्या ओळींतला एक घड त्यांनी हाताने धरला. केळाच्या कडांच्या धारा मोडून ते गोल झालं होतं. आबा फार बोलत नाहीत. आज बोलले.
"जावाईबुवा, घड भरला. मशीन काय म्हनते ते मले मालूम नाही, पन आठ दिसात काप पडला पाहिजे."
मी खिशातून मशीन काढलं आणि दाखवलं: पहिल्या ओळीचं वय आज सदुसष्ट दिवस. सदुसष्ट दिवसांत केळी भरत नाहीत हे शास्त्र आहे. जे दिसतं तो पाण्याचा फुगवटा. आबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग घडाकडे, मग माझ्याकडे. जावयाला आणखी काही बोलायची त्यांच्याकडे रीत नाही. धोतराला हात पुसून पुढे चालायला लागले.
त्यांचं वय झालं. वाईट वाटलं.

३० ऑगस्ट, रविवार
ललितचा फोन, सकाळी सकाळी. गावातला व्यापारी सगळा माल आत्ता उचलायला तयार आहे. एक्स्पोर्टचा नंबर सोडून देऊ का? आईही म्हणतेय की दिवस भरले. शेवटी म्हणाला, "जिजाजी, तुम्ही नक्की सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."
अशा वेळी वडीलधाऱ्याने डगमगायचं नसतं. म्हटलं, नक्की. एकदम नक्की. मशीन खोटं बोलत नाही. व्यापाऱ्याला हाकलून दे.
त्याने हाकललं. मला दिवसभर बरं वाटत होतं. कुणी विचारलं की बरं वाटतंच.

१२ सप्टेंबर
ललितचा फोन. पुढच्या ओळींमध्ये घड झाडावरच पिवळे पडायला लागलेत. वटवाघळं यायला लागली. मी म्हटलं, खतात पालाश कमी पडलं असणार. हा शब्द एकदा रेडिओवर ऐकला होता.

१४ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
पिवळेपणा पसरला म्हणे. एक्स्पोर्टवाल्याला नंबर अलीकडे देता येत नाही, आणि हाकललेला व्यापारी आता फोन उचलत नाही. ललितने ट्रॅक्टर भरून पिकलेली केळी गावातल्या गणपती मंडळांना वाटली. फैजपूर रस्त्यावर एकाही मंडळाला प्रसादाची काळजी राहिलेली नाही. मी सारिकाला म्हटलं, पुण्य लागेल. ती मोदक वळत होती. हातातला मोदक फुटला.

१७ सप्टेंबर
एक्स्पोर्टवाल्याचा माणूस बाग बघायला आला. बांधावरूनच पाहिलं आणि चहा न घेता गेला. नंबर रद्द. पुढच्या वर्षी यादीत नावही घेणार नाहीत. ललितने दोन ओळींत मेसेज केला, मला काही म्हटलं नाही. समजूतदार मुलगा आहे.

१८ सप्टेंबर. कॉलेज सुटल्यावर
भिंतीवरचं कॅलेंडर सहज मागे उलटून पाहिलं. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. निज ज्येष्ठ १६ जूनपासून. म्हणजे धोंड्यात निसवलेले घड माझ्या हिशोबात तीस दिवसांनी लहान झाले. बागेतल्या बहुतेक ओळी धोंड्यातल्या.
राखीच्या दिवशी पहिल्या ओळीचं वय सदुसष्ट नव्हतं, सत्त्याण्णव होतं.
जबाबदार कोण, याचा तटस्थपणे विचार केला. भरारी पथक. त्यांनी भोक दाबलं नसतं तर तेरा महिन्यांचा प्रोग्रॅम शाबूत होता. दुसरे, कॅलेंडर छापणारे. दोन महिन्यांना एकच नाव देतात. सासूबाईंनी वहीत 'धोंडा' स्वच्छ लिहिलं होतं हे खरं, पण अधोरेखित केलं नव्हतं. कुंदनने सांगितलं होतं, पण त्याचा सांगण्याचा सूर बरोबर नव्हता.
रविवारी सावद्याला जाऊन सगळ्यांना नीट समजावून सांगणार. पाठ करायला मुद्दे काढले, आठ.

२० सप्टेंबर, रविवार. दुपारी, सासुरवाडी
बाग पाहिली नाही. वास अंगणापर्यंत येतो. गुरंसुद्धा आता केळी हुंगून तोंड फिरवतात.
ताटं मांडली. मला पाट, बाकीच्यांना सतरंजी. सासूबाईंनी माझ्या वांग्याच्या भरितात तेल जरा जास्तच सोडलं, मला आवडतं म्हणून. कुणी काही विचारेना. मी मुद्दे मनात घोळवत होतो. पहिला मुद्दा चंद्राच्या गतीचा होता.
आबांनी पहिला घास घेतला आणि कुणाकडेही न बघता विचारलं, "तारखा कोनं लावल्या व्हत्या?"
मी घसा साफ केला. तेवढ्यात ललित म्हणाला, "मीच. आईच्या वहीतून उतरवताना मी महिना चुकवला. जिजाजींनी बरोबर गणित केलं होतं."
आबा म्हणाले, बाग पुढल्या वर्षी गावातल्या पुना भाऊला बटाईने, अर्ध्या वाट्यावर देऊ. तू कंपनीत फोन करून ठेव. ललितने मान हलवली. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या.
बोलायला हीच वेळ होती. आठही मुद्दे पाठ होते. सासूबाईंनी तुपाचं भांडं पुढे केलं, आणि मी भातात आळं केलं.

२० सप्टेंबर. सायंकाळी, घरी
येताना गाडीत सारिका शेजारी होती. भुसावळ गेलं, जळगाव गेलं. मी दोनदा रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विषय काढला. एरंडोलच्या पुढे म्हटलं, ललितने मोठेपणाने चूक कबूल केली, मला कौतुक वाटलं.
ती समोर बघत म्हणाली, "त्याची चूक नव्हती, हे त्यालाही माहीत आहे, आबांनाही. तो खोटं बोलला ते माझ्यासाठी. माझ्या नवऱ्याचा पाट त्या घरात राहावा म्हणून."
पारोळ्यापर्यंत मी गिअर बदलत राहिलो. टोलवर सुटे पैसे तिने दिले.

२१ सप्टेंबर
आज प्रोग्रॅमिंग केलं नाही. सारिकाने जेवण वाढलं आणि स्वयंपाकघरातच जेवली.

२२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ६.२०
ललितचा मेसेज. चाकणला पोचला. जुन्या कंपनीत घेतलं, पण आधीच्या हुद्द्यावर नाही. रात्रपाळी. खाली लिहिलंय, 'जिजाजी, ताईला सांगा मी मजेत आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.'
उत्तर लिहायला बसलो. 'चूक माझी होती. आबांना मी सांगतो.' सहा शब्द. लिहिले, खोडले. परत लिहिले, परत खोडले. साडेसात वाजले.
फोनवर मराठी टाइप करणं फार किचकट आहे. शेवटी अंगठा पाठवला.